लोखंडावरचे पाच ठिपके

१

ही हकिगत २०१८ सालच्या दसऱ्याची. त्या वर्षी आषाढात माझी धाकटी जाऊ सावित्रीबाई गेली. तिच्या मागे तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझे दीर हिम्मतराव यांना, वाटू लागलं की आपली बुद्धीही आता चालली. त्यांना तसं वाटावं अशी कुणीतरी मुद्दाम व्यवस्था केली होती. ती कुणी केली हे मी शोधून काढलं. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

हिम्मतभाऊजी बंदुकांचे दस्ते, म्हणजे नळीखालचं खांद्याला टेकवायचं लाकूड, घडवत. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत खाली कारखाना आणि वर घर. मी राहायची काचीगुड्याला, पण माझे यजमान गेल्यापासून निम्मा दिवस तिकडेच जायचा. त्या कारखान्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. अक्रोडाच्या लाकडाचा भुसा, जवसाचं तेल, आणि वरून येणारा सावित्रीच्या फोडणीचा वास. जुन्या काळी शिकारीचे शौकीन यायचे, पुढे नेमबाजीच्या स्पर्धांमधली मुलं यायला लागली. भाऊजी सगळ्यांना त्याच एका स्टुलावर बसवायचे आणि चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्या दसऱ्याला त्रिवेणी नावाच्या मुलीची रायफल कामाला आली होती. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती. तिच्यासाठी भाऊजींनी अक्रोडाचा नवा दस्ता घडवला होता. लाकूड ओलं करायचं, उभे राहिलेले तंतू घासून काढायचे, मग जवसाचं तेल तळहाताने चोळायचं, तळहात गरम होईपर्यंत. असे किती थर दिले ते त्यांनाच ठाऊक. नंतर राहिलं होतं ते शेवटचं काम, नळी बसवण्याचं. लोखंड आणि लाकूड यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी नेम चुकतो. म्हणून दस्त्याच्या खोबणीत दोन औषधं कालवून केलेला मसाला भरतात आणि त्यावर नळी दाबून बसवतात. मसाला दगडासारखा घट्ट होतो, त्यात लोखंडाचा हुबेहूब साचा उठतो. मात्र त्याआधी लोखंडाला मेण लावावंच लागतं. मेण नसेल तर नळी मसाल्याला कायमची चिकटते, आणि मग रायफल वाचवायला दस्ता फोडावा लागतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी स्क्रू काढले, नळी उचलायला गेले, आणि नळी उचलली गेली नाही.

मी पायऱ्यांवर होते. त्यांनी पुन्हा उचलून पाहिली, लाकडी हातोडीने ठोकून पाहिली. मग खाली बसले आणि मला म्हणाले, "वहिनी, मी मेण लावायला विसरलो."

२

भाऊजी कधी मेण विसरले नव्हते. सगळ्या शहराला माहीत होतं की या गोष्टीवरूनच त्यांनी एका माणसाला हाकललं होतं. पण त्या दिवशी त्यांनी माझं ऐकून घेतलं नाही. दुपारपर्यंत पटाश्या आणि कानशी गोणीत भरल्या. संध्याकाळी त्रिवेणीसमोर हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी उठून जुन्या गिऱ्हाइकांची नावं पुटपुटायला लागले. एखादं नाव अडलं की त्यांचा चेहरा काळवंडायचा. चहात साखर घातली की नाही हे ते मला तीनतीनदा विचारायचे. बायको गेली तेव्हा हा माणूस रडला होता, पण मोडला नव्हता. तो आता मोडला.

त्यांचा जावई पुष्कर पुण्याचा, इथे कोंडापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरची वेळ घेतली. भाऊजींची मुलगी मृण्मयी बापाच्या पायाशी बसून रडत होती आणि हा फोनवर कुणाला तरी सांगत होता की आता परवाना परत करायचा, जागेचं काय ते बघायचं.

मला एक गोष्ट आठवत होती. पुष्कळ वर्षांपूर्वी भाऊजी सावित्रीला सांगत होते की चिकटलेलं लोखंड गारठवलं तर आकसतं आणि कधीकधी सुटतं. त्यांना आठवण करून दिली तर त्यांनी गोणीचं तोंड आणखी घट्ट बांधलं. मग मी आणि त्रिवेणी तो दस्ता जुन्या लुगड्यात गुंडाळून गल्लीच्या टोकाला किशोरच्या कुल्फीच्या दुकानात घेऊन गेलो. गोळी उडवणारा बोल्ट काढून कपाटात बंद केला होता, त्यामुळे ते नुसतं लोखंड आणि लाकूड होतं. तरी किशोरने बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून कमरेवर हात ठेवले.

"क्या अम्मा, बंदूक को भी गरमी हो री क्या?"

मी म्हटलं, बदामाची कुल्फी जरा बाजूला सरकव.

दुसऱ्या दिवशी पेटीतून काढून त्रिवेणीने लाकडी हातोडीचा एकच ठोका दिला. काचेला तडा जावा तसा आवाज झाला आणि नळी सुटली. मसाल्याचे दोन टवके लोखंडाबरोबर आले, पण दस्ता वाचला.

मी चष्मा लावून पाहायला लागले. घोडा बसतो त्या खाचेत मसाला शिरू नये म्हणून भाऊजी तिथे मऊ माती भरतात, मुलं खेळतात तसली. आधी सगळ्या लोखंडाला मेण, मग मेणावर ती माती, असा त्यांचा क्रम. मी केसातल्या आकड्याने माती उकरली. खालचं लोखंड बोटाला गुळगुळीत लागलं. नखाने ओरखडलं तर नखात मेण आलं.

म्हणजे मेण लावलं होतं. मातीखाली दडलं तेवढंच शिल्लक होतं. बाकीचं कुणीतरी पुसून काढलं होतं.

आणि मसाल्यात, बरोबर मधोमध, पाच लाल ठिपके होते.

३

ते ठिपके पूजेचे असणं शक्य नव्हतं. 

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. मेण लावून तयार ठेवलेली चालू कामाची नळी उलटी मांडून तिच्यावर सावित्री हळदीचं बोट ओढायची आणि त्यावर कुंकवाचे पाच ठिपके द्यायची. लावलेलं पुसायचं नाही, दसऱ्याला त्यावरच मसाला भरायचा, ही भाऊजींची रीत. देव लोखंड आणि लाकडाच्या मध्ये राहतो म्हणायचे. पण त्या वर्षी घरात वर्ष सरलं नव्हतं. भाऊजी म्हणाले, ज्या हाताने कुंकू लागायचं तो हात गेला, आता नुसता भंडारा लावा. मीच नळीवर खंडोबाच्या भंडाऱ्याचं पिवळं बोट ओढलं. कारखान्यात त्या दिवशी कुंकवाचा करंडासुद्धा आला नव्हता.

मग लाल आलं कुठून? मी ठिपक्यावर बोट घासलं. बोटाला तेल लागलं. तो शेंदूर होता. लाकडावर लोखंड कुठे टेकतं ते पाहायला भाऊजी तेलात कालवलेला शेंदूर वापरतात. त्याची डबी खिडकीच्या पल्ल्यामागे असते. तिथे ती आहे हे मला कळायलाच लग्नानंतर दहा वर्षं लागली होती.

कुणीतरी नवमीच्या दिवशी मेण पुसलं. पुसताना पूजेची खूण पुसली गेली, म्हणून नवी खूण काढली. दसऱ्याच्या सकाळी भाऊजींच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना खूण दिसली. रंग काही नीट दिसला नाही, आणि भाऊजींनी मसाला भरला.

पोलिसांत जायची सोय नव्हती. नवमीला कारखान्याचं दार दिवसभर उघडं ठेवायचं, देवाला कुलूप लावायचं नाही, हा आमचा सासऱ्यांपासूनचा रिवाज. गिऱ्हाइकाची वस्तू उघड्या दारात ठेवली म्हटल्यावर आधी भाऊजींचाच परवाना गेला असता. त्रिवेणीला मी गप्प राहायला सांगितलं आणि समोरच्या बांगड्यांच्या दुकानात गेले.

दुकानवाल्या रसिकाला गल्लीत मांजर फिरलं तरी कळायचं. तिने सांगितलं की आम्ही वर जेवायला बसलो असताना तीन माणसं एकामागून एक आली. जावईबापू फोनने फोटो काढत आत गेले. मग विजयशेठ, बंदुकांच्या मोठ्या दुकानाचे, पेढ्यांचा पुडा घेऊन. शेवटी हर्षद. तिच्या दुकानात बायकांची गर्दी होती, त्यामुळे कोण किती वेळ आत होतं ते तिला सांगता येईना.

"हर्षद?" मी विचारलं. "तो तर जबलपूरला होता."

"आलाय ना गणपतीच्या आधी. चिक्कडपल्लीला दुकान टाकलंय. मला म्हणाला, नुसता दाराशी पाया पडून आलो, वर गेलो तर काका चिडतील. गर्दीत दोनच शब्द बोलून गेला, पण अगदी पाणी आलं होतं हो त्याच्या डोळ्यांत."

४

पुष्करला मी पहिल्यांदा गाठलं. फोटो कशाला काढलेस विचारलं तर तो गोरामोरा झाला आणि मग जागा दाखवायला काढले म्हणून कबूल केलं. बाबांनी आमच्याकडे राहावं, एवढंच म्हणणं आहे, असं म्हणाला. मी विचारलं, पूजेला होतास, नळीवर काय लावलं होतं? तो म्हणाला, "पिवळं काहीतरी. आमच्या घरी कुंकू असतं, म्हणून लक्षात राहिलं." मुलगा आपमतलबी होता, पण खोटं बोलत नव्हता. शिवाय त्याला शेंदराची डबी सापडायला सबंध कारखाना उपसावा लागला असता.

विजयशेठ गल्ल्यावर पान चघळत बसले होते. मला खुर्ची दिली आणि टोमणाही दिला. म्हणाले, "बसा बाईजी. दुकान विकायला आलात की मला धरायला?" बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. भाऊजींची गिऱ्हाइकं त्यांना हवी होती, ते त्यांनी लपवलं नाही. पण गेली वीस वर्षं नवमीला त्यांच्याच दुकानात पूजा असायची. आमच्याकडे ते पहिल्यांदाच आले होते, सावित्री गेल्यावर समाचाराला जमलं नाही म्हणून. नळी पाहिलीत का विचारलं, तर म्हणाले की पूजेची वस्तू आहे म्हणून हात लावला नाही, पेढे ठेवले आणि आलो. खूण कसली होती हे त्यांना आठवेना. आमच्याकडे किती ठिपके देतात हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

राहिला हर्षद. अकरा वर्षं तो भाऊजींच्या हाताखाली होता. सावित्रीने त्याला पोरासारखं जेवू घातलं. चार वर्षांपूर्वी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या रायफलीला तो मेण लावायला विसरला. भाऊजींनी त्याला दुकानभर गिऱ्हाइकांसमोर उभं केलं, वाटेल ते बोलले आणि पायरीवरून खाली उतरवलं. त्या दिवसापासून बाजारात त्याला डिंक्या म्हणायला लागले. कुणी काम देईना, तेव्हा तो जबलपूरला गेला.

चिक्कडपल्लीला त्याचं दुकान नवंकोरं होतं. मला पाहून तो उठला, वाकून पाया पडला. चाळिशीचा झाला होता, कानांवर केस पांढरे. माझ्यासाठी पाणी आणलं.

"काका मेण विसरले म्हणे," तो हळू आवाजात म्हणाला. "होतं मोठ्या काकू, वयामुळे. आता त्यांनी आराम करावा. मी तर लोकांना सांगतो, हसू नका, माणूस आहे, चुकतो."

एवढ्या गोड आवाजात मी इतकं विष कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, तू नवमीला आला होतास, वर का नाही आलास?

"कसा येऊ? दाराशीच उभा राहिलो. आत पाऊल टाकलं नाही. काकूंनी लावलेले ते पाच लाल ठिपके लांबूनच दिसले आणि जुने दिवस आठवले. काकूंना माझा नमस्कार सांगा."

मी पाणी संपवलं. नमस्कार सांगते म्हटलं. आणि रविवारी सकाळी कारखान्यात ये, काकांना तुला काही द्यायचं आहे, असं सांगून निघाले.



५

रविवारी मी सगळ्यांना बोलावलं. पुष्कर, मृण्मयी, विजयशेठ, त्रिवेणी, समोरची रसिका. आणि ज्यांच्यासमोर हर्षदला पायरीवरून उतरवलं होतं ती जुनी गिऱ्हाइकं, जेवढी हयात होती तेवढी. भाऊजींना जबरदस्तीने खाली आणलं. ते गोणीकडे पाठ करून बसले. हर्षदला मी स्टुलावर बसवलं. तो नवा शर्ट घालून आला होता.

मी दस्ता मध्ये ठेवला आणि शाळेत शिकवायची तेव्हा मुलांना सांगायची तसं एकेक सांगत गेले. मातीखालचं मेण दाखवलं. त्रिवेणीने पुढे होऊन ते सगळ्यांना बोटाने चाचपायला लावलं. मग मसाल्यातले लाल ठिपके दाखवले. म्हटलं, ज्याने मेण पुसलं त्याने ही खूण काढली. शेंदराची डबी कुठे असते हे ज्याला माहीत आहे, आणि या घरात ठिपके पाचच देतात हे ज्याने वर्षानुवर्षं पाहिलं आहे, असाच माणूस हे करू शकतो.

विजयशेठ म्हणाले, बाईजी, हे तर हिम्मतरावांनी स्वतःच केलं असेल, विसरून. भाऊजींनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान पाहून मला पुढचं बोलायला जोर आला.

"नाही," मी म्हटलं. "कारण हे ठिपके नवमीला पाहिलेला माणूस इथे बसलाय. हर्षद, तू मला काय सांगितलंस? दाराशी उभा राहिलास आणि काय दिसलं?"

त्याने नव्या शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाला, "ठिपके दिसले. पूजेचे. दरवर्षी असतात तसे."

"या वर्षी नव्हते. या वर्षी मी नुसता भंडारा लावला होता, आणि त्यानंतर भाऊजी आमच्याबरोबर वर जेवत होते. पुष्करने पाहिलाय, मृण्मयीने पाहिलाय. लाल रंग या खोलीत आणला तो मेण पुसणाऱ्याने. तो काढून झाल्यावरच कुणाला दिसला असता. तू आत पाऊल टाकलं नव्हतंस ना?"

हर्षदच्या कपाळावर घाम आला. मेण पुसलेल्या चिंधीला पिवळं लागलेलं पाहून हळदीबरोबर कुंकूही पुसलं गेलं असं त्याला वाटलं असणार. त्या क्षणी तो एवढंच म्हणाला, "पण काकू तर दरवर्षी कुंकू लावतात."

मी याच वाक्याची वाट पाहत होते. मी मुद्दाम सावकाश बोलले.

"सावित्री आषाढात गेली, हर्षद. शेवटच्या आठवड्यात तुझं नाव घेत होती. आम्हाला तुझा पत्ता माहीत नव्हता. तिचं तेरावं झालं, मासिकं झाली, तू याच शहरात दुकान थाटलंस आणि एकदा या गल्लीत येऊन विचारलं नाहीस. आलास तो तिच्या नवऱ्याला वेडा ठरवायला."

तो स्टुलावरून खाली आला. घसरला म्हटलं तरी चालेल. दोन्ही हातांत तोंड धरून तो काहीतरी बोलत होता, त्यातलं एवढंच कळलं की मला त्यांची मान खाली गेलेली बघायची होती, माझी गेली होती तशी. कुणी त्याला उठवलं नाही. मी तर नाहीच.

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. ते माझ्याकडे पाहत होते.

"वहिनी, म्हणजे मी मेण लावलं होतं?"

"लावलं होतं भाऊजी."

"विसरलो नव्हतो?"

"नाही."

त्यांनी हात पुढे केला. त्रिवेणीने नळी त्यांच्या हातात दिली. घोड्याच्या खाचेत त्यांनी करंगळी घातली, बराच वेळ फिरवली, आणि मग डोळे पुसले. पुष्करला म्हणाले, डॉक्टरला फोन कर, येत नाही म्हणून सांग.

हर्षद गुडघ्यांवर सरकत त्यांच्या पायांशी आला. भाऊजींनी पाय मागे घेतले.

"तुला मी जास्त बोललो होतो," ते म्हणाले. "ते मलाही सलत होतं. ती गेली त्या दिवशी तू दारात आला असतास तर मी तुला आत घेतलं असतं. आता नाही. जा. जाताना दार ओढून घे."

६

त्रिवेणीच्या दस्त्यातला जुना मसाला भाऊजींनी स्वतः कोरून काढला आणि पुन्हा मेण लावून नवा भरला. ती संघात निवडली गेली, पुढे रेल्वेत लागली. आता सिकंदराबादला असते, लग्न केलं नाही, आईशी त्यावरून भांडण चालू आहे.

पुष्करने जागेचा विषय पुन्हा काढला नाही. दोन वर्षांनी तो आणि मृण्मयी पुण्याला गेले. विजयशेठनी भाऊजींना आपल्या दुकानातली दस्त्यांची कामं पाठवायला सुरुवात केली, आणि करोनात स्वतःच गेले. त्यांचा मुलगा तिथे मोबाइल विकतो. रसिकाचं दुकान जोरात आहे, आणि गल्लीतल्या बातम्याही.

भाऊजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ते शेवटपर्यंत काम करत राहिले. मागच्या वर्षी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्या सकाळी त्यांनी मला न चुकता सोळा जुन्या गिऱ्हाइकांची नावं, कुणाला कोणतं लाकूड दिलं त्यासकट, ऐकवली होती.

हर्षदची गोष्ट मी सुलतान बाजारापासून चिक्कडपल्लीपर्यंत प्रत्येक दुकानात बसून सांगितली. चहा घेऊन, सविस्तर. वर्षभरात त्याने दुकान बंद केलं. मग म्हणे कुठल्याशा कारखान्यात फर्निचरला पॉलिश करायचा. मृण्मयी मला फोनवर म्हणाली, काकू, आता पुरे, तो माणूस खलास झाला. मी तिला म्हटलं, तुझा बाप चहात साखर विचारत होता तेव्हा तू रडत होतीस, विसरलीस का.

गेल्या उन्हाळ्यात मी काचीगुडा स्टेशनवर परभणीच्या गाडीसाठी उभी होते. गर्दीतून एक माणूस आला आणि माझ्यासमोर थांबला. दात पडले होते, म्हणून आधी ओळखलं नाही. त्याने वाकून पाया पडायला पाहिलं, मी बाजूला झाले. तो म्हणाला, "मोठ्या काकू, पिशवी जड आहे, द्या, डब्यापर्यंत नेतो."

पिशवी खरंच जड होती आणि माझा खांदा भरून आला होता. मी ती दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागले.